रेल मिलवर बर्फ नाही पडत

आधी आमची चूक सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की बाईनं बापाची बाजू घेताना खरं लपवलं. चूक बाबांची होती. शंभर टक्के त्यांची. नाताळच्या सुट्टीत मॉलमध्ये आमच्या क्लबच्या छोट्या आगगाड्यांचं प्रदर्शन लागलं आणि पहिल्याच दिवशी, तासाभरात, तीन इंजिनं ठप्प झाली, ती बाबांनी टिफिनच्या डब्यातून आणलेल्या काळ्या चुऱ्यामुळे. हे मी तेव्हाही कबूल केलं होतं, भर मॉलमध्ये, चांगलं मोठ्यानं. पण चूक कबूल केली म्हणून आपण उभं केलेलं सगळं आपल्याच हातानं उचलून न्यायचं, हे मला तेव्हा मान्य नव्हतं आणि आजही नाही. तेव्हा मी शाळेत होते, आता बरीच वर्षं झाली, पण त्या दुपारी मी जे केलं त्याचा जराही पस्तावा मला होत नाही.

आम्ही भिलाईत सेक्टर सहामध्ये राहायचो, पोलाद कारखान्याच्या, म्हणजे प्लांटच्या क्वार्टरमध्ये. दोन खोल्या, मागे अंगण, अंगणात पपईचं झाड आणि बाबांची सायकल. बाबा मूळचे भंडाऱ्याकडचे, धानाच्या बांध्या सोडून भिलाईला आलेले आणि रेल मिलमध्ये लागलेले. रेल मिल म्हणजे जिथे रूळ बनतात. लालभडक लोखंडाचा ठोकळा एका बाजूनं आत जातो आणि दुसऱ्या बाजूनं लांबच लांब रूळ होऊन बाहेर येतो. त्या आवाजात वर्षानुवर्षं काम करून बाबांना कमी ऐकू यायचं, म्हणून ते घरात मोठ्यानं बोलायचे. मीठ मागितलं तरी शेजारच्या क्वार्टरमधून मीठ यायचं! आई भाजीवालीशी छत्तीसगढीत बोलायची, शेजारणींशी हिंदीत आणि आमच्याशी मराठीत, आणि चिडली की तिन्ही भाषा एकदम काढायची. सकाळी भोंगा, मग रस्त्यावरून सायकलींच्या घंट्या, मग आमच्या तव्यावर तांदळाच्या चिल्याचा, म्हणजे धिरड्याचा, चर्रर्र आवाज. सोबत भेदराची चटणी. भेदरं म्हणजे टमाटे. पण टमाट्याची चटणी म्हटलं की ती चव मला आठवत नाही, भेदराची म्हटलं की लगेच तोंडाला पाणी सुटतं. थंडीत आई सांभारवडी, म्हणजे कोथिंबीर भरलेली तळलेली वडी करायची, तेव्हा बाबा ड्यूटीवरून आल्यावर हातही न धुता कढईजवळ जाऊन उभे राहायचे आणि आई म्हणायची, "अजी, आंधी ते काळे हात धुवा, मंग खा." ते हात कितीही धुतले तरी काळेच राहायचे.

बाबांची एक गोष्ट मला लहानपणापासून खुपायची. घरात एवढा मोठा आवाज असलेला हा माणूस, समोर कोणी इस्त्रीचा शर्ट घातलेला दिसला की गप्प व्हायचा. बँकेतला कारकून असो, माझ्या शाळेतली मॅडम असो, बाबा हात पुढे जोडून "हो साहेब", "हो मॅडम" म्हणत राहायचे. रूळ बनवणारा माणूस आणि एका फॉर्मवर सही करायची तर तीनदा विचारायचा, इथेच ना साहेब? मी शाळेतून घरी येताना रागानं रडायचे. आई म्हणायची, "तुले काय होते? त्यायचा स्वभाव हाय तो." मला तो स्वभाव नको होता, बस्स.

आगगाड्यांचा तो क्लब भिलाईतच, रुआबांध्याला होता. लांजेवार काका म्हणून नागपूरकडचे रेल्वेतले एक रिटायर्ड गार्ड तिथे घर बांधून राहिले होते. त्यांच्या गॅरेजमध्ये गाडी नव्हती, मोठं लाकडी टेबल होतं आणि टेबलावर भिलाई ते दुर्ग अशी अख्खी रेल्वेलाइन होती. बोटभर उंचीची इंजिनं, काडेपेटीएवढे डबे, सिग्नल, फाटक, फाटकाशी थांबलेले सायकलवाले. रविवारी दुपारी पाचसहा जण जमायचे, बहुतेक रेल्वेतले. बाबा तिथे कसे पोचले तर टेबलाचा पाय मोडला होता आणि कोणीतरी सांगितलं, पडोळेचा, म्हणजे बाबांचा, हात चांगला आहे. पाय बसवायला गेले ते तिथलेच झाले. रविवारी मला सायकलच्या डंड्यावर बसवून न्यायचे. मोठी झाले तेव्हा माझी सायकल त्यांच्या मागे.

पण क्लबमध्ये एक पद्धत होती. गाडी चालवायचा कंट्रोल, म्हणजे तो बटणाचा डबा, फक्त रेल्वेवाल्यांच्या हातात. प्लांटवाल्यानं टेबल करावं, तारा जोडाव्यात, झाडं लावावीत, पण गाडीला हात लावायचा नाही. डबा घसरला तरी बाबा म्हणायचे, "काका, डबा घसरला जी," आणि काका येऊन उचलायचे. मी एकदा विचारलं, "काका, मले एक चक्कर चालवू द्या ना." काका हसले. वाईट माणूस नव्हता तो, पण हसले. म्हणाले, "पोरी, याले रेल्वेचं रक्त लागते." मी घरी येऊन बाबांना म्हटलं, "तुमी कावून ऐकून घेता? तुमचे रूळ नसते तं यायची रेल्वे काय हवेत चालली असती?" बाबा म्हणाले, "मोठे लोक हायत." मी त्या दिवशी जेवले नाही.

मग बाबांनी रेल मिल केली. मला वाटतं, माझ्या न जेवण्याचाच तो परिणाम होता, पण तसं ते कधी बोलले नाहीत. वर्षभर मागच्या अंगणात, पपईच्या झाडाखाली, पत्रे कापून, डाग देऊन, त्यांनी प्लांटमधली आपली मिल हातभर लांबीची करून घेतली. आत लाल जिलेटिनच्या मागे दिव्यांची पट्टी अशी बसवली की एकामागून एक दिवे लागायचे आणि तापलेला रूळ सरकत येतो आहे असंच वाटायचं. क्रेन केली. हेल्मेट घातलेली माणसं केली, तांदळाच्या दाण्याएवढ्या डोक्यांची. त्यातला एक माणूस वाकून काहीतरी बघतो आहे. "हा कोन?" आईनं विचारलं. "मी," बाबा म्हणाले आणि लाजले. मिल क्लबच्या टेबलाला जोडली तेव्हा लांजेवार काकासुद्धा बराच वेळ बघत राहिले. तिथून रूळ भरलेली गाडी निघायची, चढ चढायची आणि दुर्गच्या प्लॅटफॉर्मवर जायची. चालवायचे अर्थात काकाच.

त्या वर्षी मॉलवाल्यांनी क्लबला बोलावलं. नाताळात दहा दिवस, मधल्या चौकात, सरकत्या जिन्याजवळ, मोठ्या प्लॅस्टिकच्या झाडाखाली आमची रेल्वे मांडायची. क्लबमध्ये लग्नघरासारखी धांदल उडाली. मॅनेजर बघायला आला, तरुण पोरगाच होता, टाय लावलेला. सगळं बघून म्हणाला, "बहुत बढ़िया. बस ये फैक्ट्री की जगह बर्फ वाला गाँव कर दीजिए. क्रिसमस है ना." आई डबा घेऊन आली होती, ती पटकन म्हणाली, "भिलाई में बर्फ कब गिरा भैया?" सगळे हसले आणि विषय तिथे राहिला. तिथे राहिला असं आम्हाला वाटलं. मॅनेजरनं जाता जाता लांजेवार काकांना बाजूला घेतलं होतं आणि काका "देखेंगे, देखेंगे" म्हणाले होते, हे मला नंतर कळलं.

आता त्या चुऱ्याचं. तापलेलं लोखंड थंड होताना त्याच्या अंगावरून काळे पापुद्रे सुटतात. मिलमध्ये त्यांचा खच असतो, कोणाला त्याचं काही नसतं. क्लबमध्ये बाबांच्या मिलभोवती जमिनीला नुसता काळा रंग दिलेला होता आणि तो रंग बाबांना आवडत नव्हता. "खोटं दिसून राहिलं," म्हणायचे. मग प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी टिफिनच्या तळाशी चुरा घालून, वर पोळी झाकून घेऊन आले. प्लांटच्या गेटवरच्या शिपायानं डबा उघडला असता तर काय झालं असतं देव जाणे. आयुष्यात एकच नियम मोडला या माणसानं, तोही कचऱ्यासाठी! सकाळी मॉलमध्ये मांडामांड चालली असताना बाबांनी मिलच्या आत, रुळांच्या मधे, बाजूला, तो चुरा मुठीमुठीनं पसरला. सुका. गोंद न लावता. लांजेवार काकांनी बघितलं आणि म्हणाले, "वा पडोळे, असली माल!" हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे.

दुपारी बाराला प्रदर्शन सुरू झालं. काय गर्दी, बापा! पोरं बापाच्या खांद्यावर, पोरी रेलिंगला लटकलेल्या. रूळ भरून गाडी मिलमधून निघाली तेव्हा एक म्हातारे गृहस्थ ओरडले, "अरे, ये तो अपना प्लांट है!" आणि बाबांनी माझा हात घट्ट धरला. दुसरी फेरी झाली. तिसऱ्या फेरीला इंजिन गुरगुरलं आणि मिलच्या दारातच बसलं. काकांनी दुसरं लावलं. तेही तसंच. तिसरं लावलं, ते चार फूट गेलं आणि त्यातून जळका वास आला. पोरं भोकाड पसरायला लागली. काकांनी इंजिन उलटं केलं, खालचं झाकण काढलं, तर आत सगळीकडे काळी लव उगवलेली. इंजिनाच्या मोटरीत लोहचुंबक असतं आणि बाबांचा चुरा लोखंडाचा. लोखंडात जन्म घालवलेल्या माणसाच्या हे लक्षात आलं नाही, आणि रेल्वेचं रक्त असलेल्या एकाच्याही आलं नाही.

काकांनी ते इंजिन बाबांच्या तोंडासमोर धरलं. "पडोळे, हे पाहा. हे तुमचं काम." सगळ्या लोकांसमोर. सकाळचं "असली माल" कुठे गेलं होतं कोण जाणे. तेवढ्यात मॅनेजर आला, मागे त्याची दोन माणसं कापसाच्या मोठ्या गुंडाळ्या घेऊन. म्हणजे कापूस आधीच आणून ठेवला होता! "अंकल, मैंने कहा था ना. फैक्ट्री हटाइए, बर्फ बिछाइए, एक घंटे में चालू कीजिए." काका हातातलं इंजिन पुसायला लागले. आणि बाबांनी हात जोडले. त्या पोराला, जो त्यांच्या निम्म्या वयाचाही नसेल, म्हणाले, "गलती हो गई साहब. हटा देता हूँ." आणि खरंच वाकून मिलचे स्क्रू काढायला लागले. ज्या माणसानं वर्षभर ते बसवले, तो ते काढायला लागला. माझ्या डोक्याची शीर उठली. आजही लिहिताना उठते आहे, थांबून पाणी पिऊन आले.

मी बाबांच्या हातातून स्क्रूड्रायव्हर काढून घेतला. "कोनीच हात लावू नका," मी म्हटलं. मग लक्षात आलं की मॅनेजरला मराठी कळत नाही, म्हणून हिंदीत ओरडले, "गलती हमारी है. चूरा हमने डाला. हम ही निकालेंगे. मिल यहीं रहेगी." मॅनेजर म्हणाला, "बेटा, टाइम नहीं है." मी म्हटलं, "पाँच बजे तक दीजिए. नहीं चली तो जो बिछाना है बिछाइए." का कोण जाणे, गर्दीतले ते म्हातारे गृहस्थ मधे बोलले, "दे दो यार, बच्ची माँग रही है," आणि अजून चारपाच जणांनी री ओढली. मॅनेजरनं घड्याळ बघितलं. "पाँच. उसके बाद एक मिनट नहीं."

मी सायकल काढली आणि सेक्टर सहापर्यंत अशी दामटली की दोनदा पडता पडता वाचले. घरी जुना बिघडलेला रेडिओ होता. त्याच्या स्पीकरमागचं चुंबक काढलं. आईला चार वाक्यांत सांगितलं. आई म्हणाली, "चाल, मीबी येतो," आणि शिवणाच्या डब्यातल्या सुया, गोंदाची बाटली आणि उरलेल्या पोळ्या पिशवीत घालून सायकलच्या मागे बसली. मॉलच्या दारातला शिपाई पिशवी तपासायला लागला तर म्हणाली, "सुया हायत, गोंद हाय, पोळी हाय. बम नाही." त्यानं सोडलं.

चुंबकाला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून मी ते मिलच्या जमिनीवरून फिरवलं. चुरा टपाटप उडून पिशवीला चिकटला. पिशवी उलटी केली की सगळा खाली डब्यात. बाबा आधी बाजूला उभेच होते, हात लोंबते ठेवून. मग मी रुळांच्या मधलं काढत होते तर एकदम म्हणाले, "तशी नाही माय. इकडून तिकडे एकाच दिशेनं ने, आमी क्रेननं भंगार उचलतो तसं." आणि चुंबक स्वतःच्या हातात घेतलं. सुटा चुरा निघाला. कोपऱ्यातला, रुळांपासून दूरचा, आम्ही ठेवला. आईनं त्याच्यावर पातळ गोंद थेंबाथेंबानं सोडला. तो वाळायला हवा होता. आई समोरच्या केस कापायच्या दुकानात गेली आणि तिथल्या पोरीला "दे वं बाई जराकसं" म्हणून केस वाळवायचं मशीन घेऊन आली, तारेसकट. त्या पोरीला मराठीचा एक शब्द येत नसावा. मी खाली फरशीवर बसून सुईनं इंजिनातली काळी लव एकेक काढत होते. लोक गेले नाहीत. गाड्या चालत होत्या तेव्हा जेवढे होते त्याहून जास्त जमले. कोणी वाकून विचारायचं, "क्या निकाल रहे हो?" आणि बाबा आधी हळू, मग त्यांच्या घरच्या आवाजात सांगायला लागले, की हा चुरा कशाचा, रूळ कसा बनतो, तापलेला असताना कुठला रंग आणि थंड होताना कुठला. अख्ख्या मॉलला ऐकू जात होतं. वरच्या मजल्यावरून लोक वाकून बघत होते.

एक इंजिन जळलं ते जळलंच. दोन वाचली. पाचाला दहा कमी असताना गाडी रुळावर ठेवली आणि लांजेवार काकांनी कंट्रोलकडे हात नेला. मी त्यांच्या आधी तो डबा उचलला. "काका, आज मी चालवतो." काकांचा चेहरा उतरला. "पोरी, हे रेल्वेच्या लोकायचं काम हाय." मी म्हटलं, "रेल्वेच्या लोकायनं मघाशी चालवली. आता रूळवाल्यायले चालवू द्या." उद्धटपणा होता, मान्य आहे. वडिलांच्या वयाच्या माणसाशी असं बोलायची आमच्या घरची रीत नव्हती, आणि आईनं मला तिथेच चिमटा काढला. पण मी डबा सोडला नाही. काका दोन पावलं मागे सरकले आणि स्टुलावर बसले. मी बटण फिरवलं. मिलमधले दिवे एकामागून एक लागले, गाडी रूळ घेऊन निघाली, चढ चढली, दुर्गला पोचली. काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू! बटण मागे फिरवायला मला एवढा उशीर झाला की गाडी प्लॅटफॉर्मच्या पुढे जाऊन थांबली आणि काका नुसते खाकरले.

आम्ही अजून दोन फेऱ्या केल्या. चौथ्या फेरीला गाडी मिलमधून निघून चढाच्या पायथ्याशी होती तेव्हा मॅनेजर फोन खिशात ठेवत परत आला. आता तो मऊ आवाजात बोलत होता. "चल गई, बहुत अच्छा. पर ऊपर से ऑर्डर है. पोस्टर में बर्फ छपी है. फैक्ट्री मत हटाइए, बस ऊपर से कॉटन डाल दीजिए. थोड़ा ढक जाएगा." त्याच्या माणसानं कापसाची गुंडाळी उलगडायला सुरुवातही केली होती. मी तोंड उघडलं, पण त्याआधी बाबा बोलले.

"नाही," बाबा म्हणाले.

मॅनेजरला वाटलं त्यांना ऐकू आलं नाही. त्यानं मोठ्यानं परत सांगितलं. बाबांनी हात जोडलेले नव्हते. हात मिलच्या छपरावर होते, दोन्ही, पसरलेले. "सुना मैंने. रेल मिल पर बर्फ नहीं गिरता साहब. आज तक नहीं गिरा. भट्टी के ऊपर कैसे गिरेगा? नहीं डालूँगा." मॅनेजर म्हणाला, "फिर कल से डिस्प्ले बंद." बाबा म्हणाले, "ठीक है." मॅनेजर चिडला. "कल क्यों, अभी बंद," म्हणाला आणि आपल्या माणसाला खूण केली. त्यानं भिंतीतला प्लग काढला. मिलमधले दिवे गेले, सिग्नल विझले, गाडी चढाच्या पायथ्याशी तशीच थांबली. माझ्या हातातला डबा मेला. मला रडू फुटलं. सगळं गमावलं असं वाटलं, आणि ते माझ्यामुळे. दुपारी गुपचूप कापूस अंथरू दिला असता तर निदान गाड्या तरी दहा दिवस चालल्या असत्या.

वीज नसली की त्या इंजिनांची चाकं फिरत नाहीत, अडकून राहतात. स्टुलावरून लांजेवार काका उठले. मला वाटलं, आता ते सामान आवरायला लागणार. त्यांनी वाकून गाडीचं इंजिन सोडवलं, रुळावरून उचललं आणि आपल्या शर्टाच्या खिशात टाकलं. आता नुसते डबे राहिले, रूळ भरलेले. काका बाबांना म्हणाले, "पडोळे, आता ढकला. मी पुढून सांभाळतो." तोपर्यंत बाबांनी कधीही, एकदाही, चालत्या गाडीला हात लावला नव्हता. त्यांनी आपलं ते जाडं काळं बोट शेवटच्या डब्याच्या मागे टेकवलं आणि हळूहळू गाडी चढावर न्यायला लागले. काका पुढून दोन बोटांनी वळणावर डबे धरत चालले होते. दोघंही वाकलेले, दोघांच्याही कमरा दुखणाऱ्या. मॅनेजर काहीतरी म्हणत होता, ते कोणी ऐकत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळं टेम्पोत घालून नेलं आणि त्या जागेवर कापसाचं गाव बसलं, हेही लिहून ठेवते. क्लबमधले काही जण आजही म्हणतात की त्या दिवशी आपली हार झाली. म्हणोत. ते दुपारीच घरी गेले होते, त्या टेबलापाशी मी होते. त्या संध्याकाळी बाबा गाडी चढावर ढकलत असताना रेलिंगच्या गजांमधून डोकं घालून एक चिमुरडी बघत होती, फुगा हातात, नाक वाहतं. तिनं बाबांना विचारलं, "अंकल, गाड़ी बंद हो गई क्या?"

बाबांनी मान वर केली नाही. बोट डब्याच्या मागे तसंच ठेवून, मॉलमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, मराठीत म्हणाले, "नाही वं माय. पाह्य ना, चालूनच राहिली."